मूळ सापडत नाही

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर तीन बोटी रिकाम्या होऊन गेल्यात.
बर्फात कॉड, बर्फात हॅडॉक,
क्रेटांवर ओले कागद,
आणि सहाला लिलाव.

लिलावाचा सर्व्हर मात्र
काळ्या पडद्यावर एकच हेका धरून बसलाय:
रूट सापडत नाही.
रूट म्हणजे मूळ, ज्याच्यावर बाकी सगळं टांगायचं.
वजनं, भाव, बोटींची नावं,
कुणाची किती उधारी.

बाइनिर जाकिटासकट खुर्चीत बसतो.
नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
म्हणणाऱ्यांना सहाचा लिलाव नसणार.

रात्री वीज गेली होती, एवढंच.
चार सेकंदांनी आली.
तेवढ्यात यंत्राचा डोळा लागला
आणि जागं झाल्यावर त्याला स्वतःचं घर ओळखू येईना.
आता ते मेमरीत ठोकलेल्या तात्पुरत्या खोपटात
चार भांडी घेऊन बसलंय:
बघ, वाच, जोड, बाहेर पड.
खऱ्या घराची कडी निघेपर्यंत टेकायला तेवढंच.

रात्रपाळीची वजनकाटेवाली सुन्वा
कॉफी घेऊन येते. विचारते, "मेलं का?"
"नाही. दारात उभं आहे."

डिस्क गेली असेल म्हणून तो पत्र्याला कान लावतो.
आत कुणी वाळू चाळावी तसा आवाज.
म्हणजे आहे.
मग कोण कोण आहे ते विचारतो.
उत्तर येतं:
पहिली डिस्क, सोळा जीबी, नाव आल्टो.
दुसरी डिस्क, मोठी, धडधाकट, बिननावाची.

"आल्टो माझं," सुन्वा म्हणते.
"गायनमंडळाची तालीम. संध्याकाळी लावली होती.
वाजलीच नाही."
काढायची राहिली.

एस्ब्यर्गला तोरकिल झोपेतून फोन उचलतो.
नऊ वर्षांपूर्वी त्यानंच बसवलं होतं हे.
"पहिली डिस्क असंच लिहिलं मी," तो म्हणतो,
"एकच तर होती."

एकच तर होती.
रांगेत एकटंच असलं की
आपला नंबर हेच आपलं नाव वाटतं.
मग कुणीतरी बोटाएवढं
चार गाणी घेऊन पुढं येऊन उभं राहतं.

गावात अजून त्याला
ओढ्याकाठचा बाइनिर म्हणतात.
ओढ्याकाठचं घर सोडून चार वर्षं झाली.
तिथं आता आनिका राहते, आणि कुत्रा,
जो दोघांचा होता.
त्याची पत्रं अजून तिकडंच जातात.
ती पायरीवर ठेवते, वर दगड.

तो आल्टो उपसून खिशात टाकतो.
यंत्र बंद. चालू.
पडद्यावरून ओळी धावायला लागतात
खूप दिवसांनी भेटलेल्या माणसासारख्या,
न थांबता, काहीही सांगत.
पाच बावीस.

इथं उठून गेलं तरी चाललं असतं.
पण तो बसतो, आणि जिथं पहिली डिस्क लिहिलंय
तिथं तिचं खरं नाव घालतो.
बत्तीस अक्षरं, अर्थ एकाचाही नाही,
पण दुसऱ्या कुणाचं हे नाव नाही.
मग मार्करनं पट्टीवर उतरवतो, पेटीवर चिकटवायला.
सुन्वा वाचून दाखवते, चार, सी, नऊ, नऊ, ई,
नकळत सूर लागतो तिचा, खालचा, जाड.
सात की एक? ती पुन्हा म्हणते.
सात.

सहाला पहिला क्रेट. हॅडॉक, चाळीस किलो.
आकडा वरून खाली उतरायला लागतो,
कुठंतरी कुणीतरी बटण दाबतं, थांबतो.
"माझी गाणी," सुन्वा हात पुढं करते.

तो घरी जाताना ओढ्यावरून जातो.
तो रस्ता लांबचा आहे.
पायरीवर दगड आहे.
खाली आज काही नाही.